आबांची पेन्शन, मुलांचा गेम आणि घरातला एकच फोन

निवृत्तीच्या पैशांचा विषय निघाला की कोल्हापुरात तो पीएफ, पतसंस्थेतली ठेव आणि गुजरीतले सोने यांच्यापाशी येऊन थांबतो. मुलांच्या मोबाइल गेमचा विषय निघाला की तो डोळे, अभ्यास आणि वाया जाणारा वेळ एवढ्यावर संपतो. हे दोन्ही विषय आपण वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या माणसांशी बोलतो. मी शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेखा विभागात काम करते, कामगारांची पीएफची कागदपत्रे माझ्याच टेबलावरून पुढे जातात, आणि घरी मला आठवीतली मुलगी व पाचवीतला मुलगा आहे. दोन्हीकडे जे दिसते त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की हे विषय आता वेगळे राहिलेले नाहीत, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसाची आयुष्यभराची पुंजी आणि नातवाचा खेळ हे दोन्ही एकाच फोनमध्ये येऊन बसले आहेत.

निवृत्त होणाऱ्या कामगाराचा यूएएन (म्हणजे पीएफचा कायमचा खाते-ओळख क्रमांक), आधार आणि बँकेचे खाते या तिन्हींना जोडलेला मोबाइल क्रमांक बहुधा एकच असतो. पीएफचा दावा भरताना ओटीपी त्याच क्रमांकावर येतो, रक्कम जमा झाल्याचा संदेश त्याच क्रमांकावर येतो आणि यूपीआयही त्यावरच चालते. मुलगा आणि सून कामावर गेले की त्यांचे फोन त्यांच्याबरोबर जातात. शाळा सुटून नातू घरी येतो तेव्हा घरात उरलेला फोन आजोबांचा असतो. "आबा, फोन द्या की जरा," असे म्हटल्यावर कोणता आजोबा नाही म्हणेल? म्हणजे ज्या फोनवरून तीस वर्षांच्या कष्टाचे पैसे हलू शकतात तोच फोन रोज संध्याकाळी घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या हातात असतो, आणि त्या वेळी त्याच्याकडे कोणाचेही लक्ष नसते.

ते पैसे किती मोलाचे असतात, हे आकड्यांत मांडल्याशिवाय कळत नाही. खाजगी कारखान्यातल्या कामगाराच्या मूळ पगारातून आणि महागाई भत्त्यातून १२ टक्के पीएफ कापला जातो आणि मालकही १२ टक्के भरतो. मात्र मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये. पेन्शन मोजताना सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. भट्टीसमोर ३० वर्षे उभा राहिलेल्या मोल्डरची पेन्शन या हिशेबाने, पूर्ण १५,००० रुपये धरले तरी, साडेसहा-सात हजारांच्या पलीकडे जात नाही. त्यातही सप्टेंबर २०१४ पूर्वीच्या सेवेसाठी मर्यादा ६,५०० रुपयांची होती, म्हणून प्रत्यक्षात हातात पडणारी रक्कम आणखी कमी असते. या योजनेतली किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. आपल्या भागातले फौंड्रीचे, सूतगिरणीचे आणि साखर कारखान्याचे कितीतरी निवृत्त कामगार अशा आकड्यांवर जगतात. त्यांचा खरा आधार पेन्शन हा नसून निवृत्तीच्या वेळी एकरकमी मिळालेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी हा असतो, आणि ती रक्कम पुन्हा उभी करायला त्यांच्या हातात वर्षे उरलेली नसतात.

ज्यांच्या हातात वर्षे आहेत त्यांना मी कार्यालयात एक साधा हिशेब कागदावर मांडून दाखवते. महिना ५,००० रुपये ८ टक्के दराने ३० वर्षे साठवले तर साधारण साडेचौऱ्याहत्तर लाख होतात. तेच १० वर्षे उशिरा सुरू करून २० वर्षे साठवले तर साडेएकोणतीस लाखांच्या आसपासच राहतात. भरलेल्या पैशांतला फरक ६ लाखांचा आणि हाती येणाऱ्या रकमेतला फरक ४५ लाखांचा, हे पाहिल्यावर पंचविशीतला पोरगा थोडा वेळ गप्प होतो आणि मग विचारतो, "मॅडम, सुरुवात कुठनं करू?" पीएफ नसलेल्यांसाठी, म्हणजे रिक्षा चालवणाऱ्या, घरकाम करणाऱ्या किंवा चप्पल लाइनमध्ये दुकानावर बसणाऱ्या माणसांसाठी, मे २०१५ मध्ये सुरू झालेली अटल पेन्शन योजना आहे. तिच्यात ६० वर्षांनंतर महिना ५,००० रुपयांची पेन्शन हवी असेल तर अठराव्या वर्षी महिना २१० रुपये भरावे लागतात आणि चाळिसाव्या वर्षी १,४५४ रुपये. एवढ्या मोठ्या तफावतीला वय हे एकच कारण आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांना मात्र ऑक्टोबर २०२२ पासून या योजनेत नव्याने सहभागी होता येत नाही.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, नवी गाडी अशा प्रत्येक कारणासाठी पीएफ मोडायची सवय आपल्याकडे फार आहे. आजार असेल तर वेगळी गोष्ट, परंतु हॉलचे भाडे आणि जेवणावळी यांसाठी म्हातारपणाचा पैसा काढू नये. पोरीच्या लग्नासाठी कर्ज मिळते, म्हातारपणासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही.

मिळालेली रक्कम ठेवायची कुठे, हा प्रश्न कोल्हापुरात जास्त नाजूक आहे, कारण आपल्याकडे सहकाराचे जाळे दाट आहे आणि संस्थेचे संचालक बहुधा ओळखीतले असतात. सहकारी बँकेतील ठेवींना विमा असतो आणि त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदाराला दर बँकेत व्याजासह ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा लागू होत नाही. पतसंस्था वाईट असतात असे मी म्हणत नाही, अनेकांची घरे त्यांनी उभी केली आहेत. पण अर्ध्या-एक टक्का जादा व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवणे मला कधीच पटलेले नाही. ६० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना मला सर्वांत समाधानकारक वाटते. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाखांवर गेली आणि व्याजदर ८.२ टक्के झाला. या दराने १० लाख रुपयांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये मिळतात, आणि खाते उघडताना जो दर असेल तो पाच वर्षे बदलत नाही. या योजनेचा दुसरा गुण मला त्याहूनही मोठा वाटतो, तो म्हणजे तिच्यातले पैसे यूपीआयवरून एका झटक्यात काढता येत नाहीत. मोडायचे असेल तर अर्ज करावा लागतो आणि थोडी रक्कम कापून घेतली जाते. फोन कोणाच्याही हातात असला तरी ती मुद्दल जागेवर राहते.

हे महत्त्वाचे का वाटते ते सांगते. आमच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका मध्यंतरी पासबुक घेऊन माझ्याकडे आले. "ताई, ही पेन्शन हापिसाची कपात कसली हो?" असे त्यांनी विचारले. पासबुकात ८०, १६०, ८०, २४० अशा रकमा ओळीने नावे पडलेल्या होत्या, कधी एकाच दिवशी तीन-तीन. रकमा लहान असल्याने त्यांना ती सरकारी कपात वाटली होती आणि ते दोन महिने गप्प बसले होते. त्या सगळ्या नोंदी गेममधल्या खरेदीच्या होत्या. सहावीतल्या नातवाला पिन माहीत होता, आणि त्याने तो चोरून पाहिलेला नव्हता. चष्म्याशिवाय आकडे दिसत नसल्यामुळे किराणा दुकानात आजोबाच फोन त्याच्या हाती देत आणि पिन टाकायला सांगत. नातवाच्या दृष्टीने पिन टाकणे हे आजोबांनी शिकवलेले कामच होते. दोन महिन्यांत जवळपास एका महिन्याची पेन्शन गेली होती. काकांनी पोराला मारले नाही, याचे मला फार बरे वाटले.

अशा वेळी पोराला दोष देणे सोपे असते, पण हे गेम कसे बनवलेले असतात तेही पाहिले पाहिजे. गेम फुकट असतो, परंतु त्यातली बंदूक, पोशाख, नाचाची अदा विकत घ्यावी लागते आणि ती रुपयांत नव्हे तर डायमंड किंवा कॉइनमध्ये. एकदा रुपयांचे डायमंड झाले की किती खर्च झाला याचे भान मोठ्या माणसालाही राहत नाही. काही गेममध्ये बंद पेटी विकत घ्यायची असते आणि तिच्यात काय निघेल ते नशिबावर असते. असा प्रकार जुगारात मोडतो, असे बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्येच ठरवले. फोर्टनाइट हा गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खाजगी माहितीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल होते आणि २४.५ कोटी, बटणांची फसवी मांडणी करून नको असलेली खरेदी करायला लावल्याबद्दल, ग्राहकांना परत देण्यासाठी होते. एवढ्या हुशार माणसांनी पैसे काढून घेण्यासाठी रचलेल्या पडद्यासमोर दहा-अकरा वर्षांचे पोर एकटे बसलेले असते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांचे आर्थिक व्यवहार यांवर बंदी आली, आणि असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे योग्यच आहे. हा कायदा मला मनापासून हवा होता, कारण रमी आणि फँटसी क्रिकेटच्या नादाने तरुण कामगारांचे पगार पहिल्या आठवड्यात संपलेले मी पाहिले आहेत. पण गेममधले डायमंड विकत घेणे या कायद्याने थांबलेले नाही. त्यामुळे "आता सगळे बंद झाले" असे समजून पालकांनी निर्धास्त होऊ नये.

सर्वांत कमी लक्षात येणारी गोष्ट वयाची आहे. नातू आजोबांच्या फोनवर, आजोबांच्या खात्यावरून खेळतो तेव्हा त्या गेमच्या दृष्टीने खेळणारा माणूस अडुसष्ट वर्षांचा असतो. मे २०२३ मध्ये बीजीएमआय हा गेम पुन्हा सुरू झाला तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली. परंतु अडुसष्ट वर्षांच्या माणसाला ती लागू होत नाही. अनोळखी माणसांशी होणाऱ्या गप्पांवरचे निर्बंध, वयानुसार गेम लपवण्याची सोय, मुलांना उद्देशून जाहिराती न दाखवण्याचा नियम, यांतले काहीच त्या खात्याला लागू पडत नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक करण्याची तरतूद केली आहे, पण पलीकडे मूल आहे हेच कंपनीला ठाऊक नसेल तर ती संमती मागणार कोणाकडे? मुलांसाठी जी कुंपणे बांधली आहेत ती सगळी आजोबांच्या खात्यामुळे आपोआप बाजूला होतात.

पैशांची खरी मोठी चोरी डायमंडच्या खरेदीतून होत नाही, ती गप्पांतून आणि फायलींतून होते. गेममध्ये एका संघातून खेळणारा 'दादा' कुठला कोण हे मुलाला माहीत नसते, आठवडाभर तो चांगला खेळतो, बक्षीस पाठवतो, आणि मग म्हणतो, "तुझ्या फोनवर एक कोड येईल, तो सांग, तुला फुकट डायमंड देतो." तो कोड गेमचा आहे की आजोबांच्या बँकेचा, हे पाचवीतल्या मुलाला कसे कळावे? दुसरा मार्ग म्हणजे व्हॉट्सॲप किंवा टेलिग्रामवर फिरणारी, 'सगळे डायमंड मोकळे' असे सांगणारी गेमची फाइल. ती प्ले स्टोअरवर नसते. ती बसवताना 'अज्ञात स्रोतांना परवानगी द्या' असे विचारले जाते, नंतर संदेश वाचण्याची आणि कधी कधी स्क्रीन पाहण्याची परवानगी मागितली जाते, आणि खेळायची घाई असलेले मूल प्रत्येक ठिकाणी होकार देते. त्यानंतर आलेला ओटीपी आजोबांच्या आधी चोराला दिसतो. काही ठिकाणी हा 'दादा' पैसे मागत नाही, फोटो मागतो. तसे झाले तर संभाषण पुसून न टाकता स्क्रीनशॉट ठेवावेत आणि १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीला किंवा पोलिसांना कळवावे. मुलगी असो वा मुलगा, इभ्रतीच्या भीतीने गप्प बसू नये.

आमच्या घरी आम्ही जी व्यवस्था लावली ती खर्चिक नाही. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, पेन्शन ज्या खात्यात येते ते खाते कोणत्याही यूपीआय ॲपला जोडलेले नाही. रोजच्या खर्चासाठी दुसऱ्या बँकेत वेगळे खाते आहे, त्यात महिन्याच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम जाते आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडलेले आहे. त्यामुळे काहीही झाले तरी नुकसान एका महिन्याच्या भाजी-दुधापुरते राहील. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी सक्तीची केली आणि पैसे देण्याचे तिथे जतन केलेले मार्ग काढून टाकले. ऑटोपेची यादीही एकदा नीट पाहावी, कारण एकदा मंजुरी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते दर वेळी पिन न विचारता जाऊ शकतात. आबांचा पिन त्यांच्या जन्मसालाचा होता, तो बदलून सहा अंकी केला, आणि तो त्यांनी स्वतःच टाकायचा, दुकानदाराला थोडे थांबावे लागले तरी चालेल, असे ठरले. मुलांसाठी माझा जुना फोन सिमकार्ड काढून ठेवला आहे. त्यावर मुलांच्या खऱ्या वयाची खाती आहेत आणि गुगलच्या फॅमिली लिंक या ॲपने ती माझ्या फोनशी जोडली आहेत, म्हणजे नवे ॲप घ्यायचे झाले तर परवानगीची विनंती माझ्याकडे येते. सिम नसल्याने त्या फोनवर कोणताच ओटीपी येत नाही. ज्यांच्याकडे दुसरा फोन नाही त्यांनी निदान ॲप पिनिंग वापरावे, म्हणजे मुलाला एकच ॲप उघडे राहते आणि बाहेर पडायला मोठ्यांचा कुलूप-क्रमांक लागतो. बँकिंग ॲपना स्वतंत्र कुलूप असावेच.

वेळेविषयी फार लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले, गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. पण तो ठरवण्यासाठी साधारण बारा महिने खेळावरचा ताबा सुटलेला आणि रोजचे जगणे विस्कटलेले दिसावे लागते. सुट्टीत चार तास खेळलेले पोर लगेच आजारी ठरत नाही. पेठांतल्या पोरांना फुटबॉलचे वेड लावणारी तालीम मंडळे आपल्या गावात आहेत, शाहू स्टेडियमवर सामने होतात, आणि मोबाइल काढून घेण्याआधी मुलाला संध्याकाळी कुठे जाता येईल याची सोय पाहणे मला जास्त महत्त्वाचे वाटते.

एवढे सगळे करूनही काही घडलेच तर पुढचे काही तास निर्णायक असतात. १९३० या सायबर मदतवाहिनीवर लवकर तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणीतरी केलेला गैरव्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवला तर ग्राहकावर त्याचा भार पडत नाही. मात्र पिन किंवा ओटीपी आपल्याकडूनच गेला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यालाच सोसावे लागते. गेममधल्या खरेदीचे पैसे परत मागायचे असतील तर ४८ तासांच्या आत प्ले स्टोअरवर विनंती करणे चांगले. या सगळ्या मुदती घड्याळ लावून मोजल्या जातात आणि घरात पहिल्यांदा कळते ते मुलालाच. मार बसेल या भीतीने त्याने दोन दिवस लपवले तर मुदतीही हातच्या जातात आणि पैसेही. म्हणून कोड सांगितला गेला, फाइल बसली, पैसे गेले, काहीही झाले तरी त्याच क्षणी मला कामावर फोन करायचा आणि त्याबद्दल त्या दिवशी कोणीही रागवायचे नाही, असे आमच्या घरात ठरले आहे. आबांना ही अट सुरुवातीला पटली नाही, "चुकलं तर बोलायचंसुद्धा नाही का?" असे त्यांनी विचारले. बोलायचे, पण तक्रार नोंदवून झाल्यावर, असे सांगितले तेव्हा ते तयार झाले, आणि १९३० हा क्रमांक त्यांनी स्वतःच्या अक्षरात दोन्ही मुलांच्या वह्यांच्या पहिल्या पानावर लिहून दिला.